कोलेस्ट्रॉलचा रिपोर्ट : बेरीज नको, विषयवार गुण बघा



आजचा विषय पाठ्यपुस्तकात एखाद्या परिच्छेदात उरकलेला असतो, पण आपल्या स्टाफरूममध्ये तो रोज डब्याबरोबर उघडतो. कोणाला तरी डॉक्टरांनी गोळी सुरू केलेली असते, कोणी तूप सोडलेलं असतं, कोणी परत सुरू केलेलं असतं. आणि प्रत्येकाकडे एक ठाम मत असतं. माझ्याकडेही होतं. ते चुकीचं निघालं, म्हणून हा लेख.

आमची शाळा खडकीची. बरेचसे पालक अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत किंवा लष्कराच्या कुठल्या ना कुठल्या खात्यात, बाकीचे बाजारात दुकानदार, रिक्षावाले. शाळेतले एक सर, वय ४७, अंगानं काटकुळे, बोपोडीहून रोज चालत येणारे. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे तपासणी शिबिर झालं तेव्हा आम्हीच त्यांना चिडवलं होतं, "सर, तुम्हाला कसलं आलंय कोलेस्ट्रॉल! आमच्यासारख्यांना रांगेत पुढे जाऊ द्या." रिपोर्ट आला. टोटल कोलेस्ट्रॉल १९२. दोनशेच्या आत, म्हणजे पास. सरांनी कागद फाईलला लावला आणि विषय संपला.

पुढच्या डिसेंबरात परिपाठ चालू असताना सर घामानं भिजले. थंडीचे दिवस, आणि शर्ट पाठीला चिकटलेला. जबडा दुखतोय म्हणाले, छातीत जळजळतंय म्हणाले. आम्ही काय केलं? लिंबूपाणी दिलं, सोडा दिला, "रात्री काय खाल्लं होतं?" अशी चौकशी केली. बारीक माणूस, रोज चालणारा, त्याला हार्टचं काही असेल हे आमच्या डोक्यातच आलं नाही. यात चाळीस मिनिटं गेली. शेवटी शिपाईदादांनी १०८ ला फोन लावला. हृदयाची एक रक्तवाहिनी बंद झाली होती. अँजिओप्लास्टी झाली, सर वाचले, दीड महिन्यानं शाळेत परत आले. पण ती चाळीस मिनिटं मला अजून टोचतात.

सर परत आल्यावर आम्ही तो जुना कागद फाईलमधून काढला आणि पहिल्यांदाच पूर्ण वाचला.

टोटल कोलेस्ट्रॉल १९२
एचडीएल ३१
ट्रायग्लिसराइड २५५
एलडीएल ११०

आता तुम्ही शिक्षक आहात. एखाद्या मुलाची एकूण बेरीज बरी आहे, पण गणितात तो नापास आहे, असं प्रगतिपुस्तक तुम्ही नुसती बेरीज बघून पालकांच्या हातात द्याल का? आम्ही तेच केलं होतं.

या चार ओळींचा अर्थ

आधी एक सोपा प्रयोग. काचेच्या ग्लासात पाणी घ्या आणि त्यात चमचाभर तेल टाका. तेल तरंगतं, मिसळत नाही. आपलं रक्तही बहुतांशी पाणीच आहे आणि कोलेस्ट्रॉल हा मेणासारखा स्निग्ध पदार्थ. तो रक्तात विरघळत नाही. म्हणून शरीर त्याला प्रथिनाच्या आवरणात बांधून पाठवतं. या गाठोड्यांना लायपोप्रोटीन म्हणतात. रिपोर्टमध्ये आपण जे एलडीएल, एचडीएल वाचतो ती या गाठोड्यांचीच नावं.

कोलेस्ट्रॉल वाईट नाही, हे मुलांना आवर्जून सांगा. प्रत्येक पेशीच्या आवरणात ते लागतं. त्यापासून ड जीवनसत्त्व बनतं, अनेक संप्रेरकं बनतात, अन्नातली चरबी पचवणारं पित्त बनतं. इतकं गरजेचं आहे म्हणूनच यकृत ते स्वतः तयार करतं. अंगातलं बरंचसं कोलेस्ट्रॉल घरचंच असतं, ताटातून येणारं त्या मानानं कमी.

एलडीएल हे गाठोडं यकृताकडून निघालेला माल शरीरभर पोचवतं. माल जास्त झाला की तो रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून साचतो. म्हणून याला वाईट म्हणतात. एचडीएल उलट्या दिशेचं काम करतं, जादा कोलेस्ट्रॉल गोळा करून यकृताकडे परत नेतं. ते पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० च्या खाली असेल तर कमी समजतात. ट्रायग्लिसराइड ही वेगळी चरबी, वापरून उरलेल्या साखरेची आणि पिठाची शरीरानं केलेली साठवण म्हणा हवं तर. ती १५० च्या आत असावी. (हे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसीलिटरमध्ये आहेत.)

बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, गणितानं काढतात. टोटलमधून एचडीएल वजा करायचं, आणि ट्रायग्लिसराइडला ५ नं भागून तेही वजा करायचं. सरांचं बघा, १९२ वजा ३१ वजा ५१, बरोबर ११०. आठवीचा मुलगाही करेल. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की मात्र हे सूत्र चालत नाही.

अजून एक वजाबाकी आहे, ती रिपोर्टवर कधी छापलेली असते, कधी नसते. टोटल वजा एचडीएल. याला नॉन-एचडीएल म्हणतात, म्हणजे भिंतीत साचू शकणाऱ्या सगळ्या गाठोड्यांची एकत्र बेरीज. ट्रायग्लिसराइड जास्त असलेल्या माणसात हा आकडा एलडीएलपेक्षा जास्त खरं बोलतो. सरांचा आला १६१. भारताच्या कार्डिओलॉजिकल सोसायटीनं २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात अगदी कमी धोका असलेल्या माणसासाठीसुद्धा नॉन-एचडीएल १३० च्या आत आणि एलडीएल १०० च्या आत ठेवा असं म्हटलंय. म्हणजे सर दोन्हींत नापास होते, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडमध्येही नापास होते, आणि बेरजेत पास.

गंमत बघा, बेरीज दोनशेच्या आत राहिली याचं एक कारण म्हणजे त्यांचं चांगलं कोलेस्ट्रॉल कमी होतं.

नळात कचरा अडकतो, असं शिकवू नका

मी स्वतः वर्षानुवर्षं फळ्यावर नळाचं चित्र काढून त्यात खडूनं कचरा भरत आले. ते चित्र अपुरं आहे, आणि त्यातून एक धोकादायक समज होतो की नळ हळूहळू बुजेल, तेव्हा दम लागेल, तेव्हा बघू.

खरं तर कोलेस्ट्रॉल नळाच्या पोकळीत नाही, भिंतीच्या आत साचतं. एलडीएल भिंतीत शिरतं, तिथे ते बिघडतं, ते खायला पांढऱ्या पेशी धावतात, खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. वर्षं जातात. भिंतीच्या आत एक गळू तयार होतं आणि त्यावर पातळ साय धरते. हे सगळं होत असताना पोकळी बरीचशी मोकळी राहू शकते, माणूस पळू शकतो, त्याचा ईसीजीही नॉर्मल येऊ शकतो. मग एक दिवस ती साय फुटते. रक्ताला वाटतं जखम झाली. काही मिनिटांत तिथे गुठळी बनते आणि वाट बंद. काल रात्री लग्नात नाचलेला माणूस आज सकाळी जातो तो असा.

म्हणून कोलेस्ट्रॉल वाढल्याचं काहीही जाणवत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. कळायचा मार्ग एकच, रक्ताची तपासणी.

आणि त्रास सुरू झालाच, म्हणजे छातीवर दाब, जबडा, खांदा किंवा डावा हात दुखणं, दरदरून घाम, तर सोडा पाजत बसू नका. १०८. स्वतः गाडी चालवत जाऊ देऊ नका. बायकांमध्ये आणि डायबेटिस असलेल्यांमध्ये छातीत न दुखता नुसता थकवा, मळमळ किंवा दम लागणं एवढंच दिसू शकतं.

बारीक माणसाला का?

याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. पुण्यातल्याच केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलं आहे. १९९३ साली त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. आपल्या बाळांचं जन्माचं सरासरी वजन भरलं २.७ किलो, तर तुलनेला घेतलेल्या इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. बाळं लहान, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून. दिसायला बारीक, आतून चरबीयुक्त.

याच डॉक्टरांनी आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघं शेजारी उभे, उंची-वजनाचं प्रमाण म्हणजे बीएमआय दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याला यातलं काहीच दिसलं नव्हतं.

ही लपलेली चरबी पोटात, यकृताभोवती बसते, आणि तिथून ट्रायग्लिसराइड वाढतं, एचडीएल घटतं. सरांच्या रिपोर्टवर जे दिसतंय, तेच. आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचा पहिला टप्पा तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगडमध्ये झाला. २०१४ मध्ये त्याचे आकडे आले, तेव्हा टोटल कोलेस्ट्रॉल जास्त असलेले लोक होते १३.९ टक्के, आणि एचडीएल कमी असलेले ७२.३ टक्के. ट्रायग्लिसराइड २९.५ टक्क्यांचं जास्त. नुसती पहिली ओळ बघून कागद घडी करणारे आपल्यात किती असतील, विचार करा.

दुसरा एक मोठा अभ्यास, ५२ देशांचा, इंटरहार्ट नावाचा. त्यात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अ‍ॅटॅक साधारण ५३ व्या वर्षी येताना दिसला, बाकीच्या देशांत ५९ च्या जवळ. मुलगी बारावीला आणि घराचा हप्ता चालू, असं ते वय.

तेव्हा टेपनं पोट मोजा. आपल्याकडे पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि बायकांत ८० च्या वर गेलं की सावध व्हायचं. बारीक हातपाय आणि पुढे आलेलं पोट, ही तर आपली ओळखच आहे.

ताटाकडे वळूया

इथे भांडणं होतात, म्हणून सावकाश.

तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्ट्रॉल फ्री' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. मुलांना विचारा, कोणत्या तेलात कोलेस्ट्रॉल असतं? कोणत्याच नाही! कोलेस्ट्रॉल म्हणायचं ते प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांतच. शेंगदाणा, सूर्यफूल, करडई, खोबरेल, अगदी वनस्पती तूपसुद्धा त्या अर्थानं 'फ्री'च आहे. बघायचं ते मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, संपृक्त चरबी किती. कारण संपृक्त चरबी यकृताची रक्तातून एलडीएल ओढून घेण्याची ताकद कमी करते. खोबरेल तेलात ती साधारण ९० टक्के, साजूक तुपात ६० च्या आसपास, शेंगदाणा तेलात २० च्या आत, आणि आपल्या जुन्या करडईच्या तेलात १० च्या जवळपास. करडई आपण महाराष्ट्रातल्या लोकांनीच विसरून टाकली, याचं वाईट वाटतं.

तुपाबद्दल माझं मत: वरणभातावर चमचाभर घ्या, आनंदानं घ्या. पण 'तुपानं कोलेस्ट्रॉल कमी होतं' असा निरोप मोबाईलवर आला तर पुढे पाठवू नका. ज्याला हृदयविकार आहे त्यानं चमचासुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

दुधाच्या चहाबरोबर खारी, टोस्ट, नानकटाई ही आपल्या बाजूची सवय. बेकरीतल्या वनस्पती तुपात पूर्वी ट्रान्स फॅट भरपूर असायचं, आणि ते एकाच वेळी एलडीएल वाढवतं आणि एचडीएल पाडतं. सरकारनं १ जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणली. चांगली गोष्ट झाली. पण खारीत मैदा आणि संपृक्त चरबी उरतेच. त्यात पुन्हापुन्हा उकळलेलं वड्याचं तेल वेगळंच.

अंडं? पिवळ्या बलकात कोलेस्ट्रॉल दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, पण खाल्लेल्या कोलेस्ट्रॉलनं रक्तातला आकडा बहुतेकांत थोडाच हलतो. अंड्यापेक्षा ते कशात तळलं याची चौकशी करा.

आपल्या लोकांचं खरं दुखणं वेगळं आहे, आणि ते म्हणजे पांढरं ताट. भात, पोळी, बटाटा, साबुदाणा, साखरेचा चहा दिवसातून चारदा. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर केळं, आणि संध्याकाळी म्हणायचं आज उपास होता. तेल नसलं तरी एवढं पिष्ट ट्रायग्लिसराइड वाढवायला पुरेसं आहे. सर तूप खात नव्हते हो! तीन वाट्या भात खात होते.

मग खायचं काय? विरघळणारा तंतू असलेले पदार्थ. तो आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतो, मग यकृताला नवं पित्त बनवायला रक्तातलं कोलेस्ट्रॉल ओढावं लागतं. ओट्स विकत आणायलाच हवेत असं नाही. मटकी, हरभरा, राजमा, मेथी, भेंडी, गवार, पेरू, सातूचं पीठ, जवसाची चटणी, हे सगळं आपल्याच घरातलं. आमटी दाट करा आणि भात एक वाटी कमी करा, इथून सुरुवात झाली तरी खूप.

वर्गासाठी एक गणित देते. सातवीच्या मुलांना घरी विचारून यायला सांगा की महिन्याला तेल किती लागतं. समजा चार माणसांना ५ लिटर. तेलाचा एक लिटर भरतो साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे ४५५० ग्रॅम भागिले ४, भागिले ३०. दिवसाला माणशी जवळजवळ ३८ ग्रॅम. बैठं काम करणाऱ्यांना आपल्या पोषण संस्थेचा सल्ला आहे २० ते २५ ग्रॅमचा. माझ्या वर्गात हे गणित दिल्यावर दुसऱ्या दिवशी तीन आयांचे फोन आले. एक चिडलेल्या होत्या.

चालण्यानं एलडीएल फारसं कमी होत नाही, हेही खरं सांगायला हवं. ट्रायग्लिसराइड चांगलं उतरतं, एचडीएल थोडं वर येतं, रक्तदाब आणि साखर सुधारते. आठवड्याला दीडशे मिनिटं, जरा दम लागेल अशा चालीनं. सर चालत होतेच, पण खिशात तंबाखूची पुडी घेऊन. तंबाखू एचडीएल कमी करतो आणि भिंतही बिघडवतो, तेव्हा चालण्याचं पुण्य तिथेच खर्ची पडत होतं.

"बाई, आता गोळी बंद करू?"

हॉस्पिटलमधून आल्यावर दोन महिन्यांनी सरांनी नवा रिपोर्ट दाखवला. एलडीएल ५२. ज्याला एकदा अ‍ॅटॅक येऊन गेलाय त्याच्यासाठी ५५ च्या आत हवं, तसं आलं. डायबेटिस, रक्तदाब अशा जास्त धोक्याच्या लोकांसाठी ही रेषा ७० ची आहे. सर खूश. आणि पुढचा प्रश्न तो, वर लिहिलेला.

पालकहो, हा प्रश्न तुमच्याही घरात विचारला जातो. 'आकडा नॉर्मल आला, गोळी सोडली.' आकडा नॉर्मल आला तो गोळीमुळे. सोडली की काही आठवड्यांत तो मूळ जागी जातो. चष्मा लावल्यावर फळा स्पष्ट दिसला म्हणून आपण चष्मा फेकून देतो का?

या स्टॅटिन गोळ्यांची कथा मुलांना आवडेल. जपानचे अकिरा एंडो नावाचे शास्त्रज्ञ कोलेस्ट्रॉलची निर्मिती रोखणारं काहीतरी बुरशीत सापडेल म्हणून शोधत होते. सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. १९७३ मध्ये सापडलं, ते क्योटोमधल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत. आपण जे धान्य बुरशी आली म्हणून टाकून देतो, तसल्यातच! ही गोळी यकृतातलं कोलेस्ट्रॉल बनवणारं यंत्र मंद करते. यकृताला कमी पडलं की ते रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर असं दिसलं की एलडीएल साधारण ३९ नं उतरलं की हार्ट अ‍ॅटॅक, पक्षाघात अशा घटना सुमारे एक पंचमांशानं कमी होतात.

दुष्परिणाम आहेत. काहींचे स्नायू दुखतात, काहींची साखर किंचित वाढते. गरोदरपणात या गोळ्या साधारणपणे देत नाहीत. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगायचं. ते डोस कमी करतात, गोळी बदलतात, दुसऱ्या जातीची देतात. शेजारच्या काकांना मानवली नाही म्हणून आपली बंद करायची नाही. आणि लसूण, दालचिनी, काढा हे गोळीच्या बदल्यात चालत नाहीत, स्वयंपाकात हवं तेवढं घाला.

सरांना हे मी सांगितलं नाही, मी मराठी शिकवते. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मी फक्त त्यांच्याबरोबर गेले होते.

मुलांचं काय?

डॉक्टरांनी त्या दिवशी सरांना एक प्रश्न विचारला, जो आम्ही दहा वर्षांत विचारला नव्हता. वडील कशानं गेले? सर म्हणाले, "झोपेत. ५१ व्या वर्षी. तेव्हा काही कळलंच नाही."

घरातल्या पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर ती गोष्ट पुढच्या पिढीच्या कागदावर लिहिली गेली पाहिजे. काही घराण्यांत एलडीएल जन्मापासूनच खूप जास्त असतं, १९० च्या वर, कितीही पथ्य केलं तरी. आईवडिलांपैकी एकाला ते असेल तर प्रत्येक मुलात यायची शक्यता निम्मी. अशा घरात मुलांची तपासणी लहानपणीच करतात. पापण्यांजवळ पिवळे चट्टे, टाचेच्या मागच्या शिरेवर गाठ, असं काही दिसलं तर दुर्लक्ष करू नका. बाकी सगळ्यांसाठी पहिली तपासणी १८ व्या वर्षी करावी असं २०२४ ची तत्त्वं सांगतात. पहिल्या तपासणीला उपाशीपोटी जायची सक्तीही आता नाही. ट्रायग्लिसराइड जास्त आलं तर मात्र उपाशीपोटी परत करतात. आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन(ए) नावाची चाचणी करून घ्यावी, ते जास्त असणं बहुतांशी आनुवंशिक असतं. सरांची चाचणी झाली, ६८ आलं. ५० च्या आत हवं होतं.

सरांचा मुलगा यंदा एकोणीस वर्षांचा झाला, डिप्लोमाला आहे, बापासारखाच काटकुळा. "मला काय झालंय?" म्हणत महिनाभर टाळलं, शेवटी गेला. सोमवारी मधल्या सुट्टीत सरांनी पाकीट स्टाफरूममध्ये आणलं. टोटल १६८. आम्ही कोणी काही बोललो नाही. सरांनी बोट खालच्या ओळीवर ठेवलं. एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड १८०. डॉक्टर म्हणाले गोळी नको, मेसमधला भात अर्धा कर, रोज पळ, तंबाखूला हात लावू नकोस, आणि सहा महिन्यांनी परत दाखव.